पिवळा दिवा पुन्हा लागतो तेव्हा

मागच्या पावसाळ्यात आमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. इंजिनाच्या आकृतीचा, ज्याला सगळे ‘चेक इंजिन’ म्हणतात तो. गाडीचे काही बिघडले आहे असे जाणवत नव्हते. आवाज नाही, धक्का नाही, धूर नाही. पण आईला दम्याच्या उपचारांसाठी महिन्यातून दोनदा तासगावहून मिरजेला न्यावे लागते आणि ही जुनी गाडी मुख्यतः त्याच कामासाठी ठेवली आहे. वाटेत ती बंद पडली तर काय, या काळजीने मी गॅरेज गाठले.

पहिल्या गॅरेजमध्ये मुलाने स्टिअरिंगखाली यंत्र लावले, दोन बटणे दाबली आणि म्हणाला, “कोड उडवलाय साहेब, आता नाही येणार.” तीनशे रुपये दिले. चौथ्या दिवशी दिवा परत आला. दुसऱ्या गॅरेजने सांगितले, ऑक्सिजन सेन्सर गेला. साडेचार हजार रुपये खर्चून तो बदलला. नवव्या दिवशी दिवा हजर. तिसऱ्या गॅरेजच्या मालकांनी गाडीखाली नुसते वाकून पाहिले आणि निकाल दिला, कन्व्हर्टर बसला. नवा घ्यायचा तर पन्नास हजारांच्या पुढे. माझा चेहरा पाहून त्यांनी आवाज खाली आणला. “त्यापेक्षा आतली जाळी फोडून काढतो. डबा बाहेरून तसाच दिसेल. मागच्या सेन्सरला एक जुगाड करतो, दिवा जन्मात लागणार नाही. दोन हजारांत काम.”

मी जवळजवळ हो म्हणालो होतो. मागच्या सीटवर आई बसली होती. शेजारून गेलेल्या टेम्पोच्या धुराने तिला खोकला आला आणि तिने पिशवीतून पंप काढला. मी त्यांना म्हटले, दोन दिवसांनी सांगतो.

हा लेख त्या दोन दिवसांतून सुरू झाला. मी अभियंता नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन सहकारी संस्थांचे हिशेब लिहिण्यात माझी तीस वर्षे गेली. वाचनाची सवय मात्र जुनी. दिवा लागतो तो कुणाच्या सांगण्यावरून, कशासाठी आणि विझवला तरी परत का येतो, एवढे तीन प्रश्न घेऊन मी तांत्रिक पुस्तिका, नियमावल्या आणि हवेच्या इतिहासावरची पुस्तके वाचत गेलो. जे हाती लागले ते गाडी असणाऱ्या आणि नसणाऱ्या अशा दोन्ही वाचकांच्या उपयोगाचे आहे असे वाटले, म्हणून येथे मांडतो.

दिव्याचे मूळ गाव

या दिव्याचे मूळ अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात आहे. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४३ च्या जुलै महिन्यात, त्या शहरावर तपकिरी धुक्याचा पडदा उतरला. डोळे चुरचुरू लागले, घसे खवखवू लागले. जपानने विषारी वायूचा हल्ला केला की काय, अशी शंका लोकांना आली. पुढे ही धुकी नेहमीची झाली. सुरुवातीला संशय कारखान्यांवर गेला. काही कारखान्यांवर बंधने आली, तरी धुके हटेना.

कोडे सुटले ते एका अनपेक्षित माणसाच्या हातून. आरी हागेन-स्मिट हे मूळचे डच रसायनशास्त्रज्ञ पासाडेना येथील ‘कॅलटेक’ संस्थेत अननसाच्या स्वादाचा अभ्यास करत होते. फळाच्या वासातील अत्यल्प घटक वेगळे काढण्याची त्यांची हातोटी त्यांनी शहराच्या हवेवर वापरली. निष्कर्ष असा निघाला की वाहनांतून आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून बाहेर पडणारी न जळलेली हायड्रोकार्बन द्रव्ये आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले की ओझोन आणि इतर जळजळ करणारी द्रव्ये तयार होतात. म्हणजे धुके कुणी आणून सोडत नव्हते. लोकांच्याच गाड्यांच्या धुरातून ते भर उन्हात शिजत होते.

मोटार उद्योगाने हे सहजासहजी मान्य केले नाही. पण १९६७ साली कॅलिफोर्नियात हवेच्या प्रश्नासाठी स्वतंत्र राज्य मंडळ स्थापन झाले आणि हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९७० च्या केंद्रीय स्वच्छ हवा कायद्याने गाड्यांच्या धुरावर कडक मर्यादा घातल्या. त्या पाळण्यासाठी १९७५ च्या मॉडेलपासून अमेरिकेतील बहुतेक नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागला. तिसऱ्या गॅरेजच्या मालकांना फोडायची होती ती जाळी याच डब्यातली.

१४.७ चा हट्ट

कन्व्हर्टर म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला एक पोलादी डबा. त्याच्या आत मधाच्या पोळ्यासारख्या बारीक छिद्रांचा सिरॅमिकचा किंवा धातूचा ठोकळा असतो आणि छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अतिशय पातळ लेप. तापलेल्या लेपावरून धूर जातो तेव्हा कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेले पेट्रोल जळते आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे पुन्हा साध्या नायट्रोजनमध्ये विघटन होते. तीन कामे एकाच डब्यात.

पण ही तिन्ही कामे एकदम व्हायची तर एक अट असते. इंजिनात जाणारी हवा आणि पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ ला १ याच्या अगदी जवळ राहिले पाहिजे. हवा जास्त झाली, म्हणजे मिश्रण विरळ झाले, तर नायट्रोजनची ऑक्साइडे तशीच बाहेर पडतात. पेट्रोल जास्त झाले तर उरलेली दोन द्रव्ये निसटतात. जुन्या कार्बोरेटरला एवढी काटेकोर मापे जमत नव्हती.

त्यासाठी धुरात राहिलेला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर लागला. बॉश कंपनीचा असा सेन्सर १९७६ साली व्होल्वोच्या गाड्यांत आला. जुन्या पद्धतीचा झिर्कोनिया सेन्सर मिश्रण विरळ असताना ०.१ व्होल्टच्या आसपास आणि दाट असताना ०.९ व्होल्टच्या आसपास दाब दाखवतो. संगणक तो वाचतो आणि इंजेक्टरमधून जाणारे पेट्रोल थोडे वाढवतो किंवा कमी करतो. आमटी चाखत चाखत मीठ घालणाऱ्या सुगरणीसारखे हे काम आहे, फक्त सेकंदासेकंदाला चालते.

या दुरुस्तीला ‘फ्युएल ट्रिम’ म्हणतात आणि ती टक्क्यांत मोजतात. तिचे दोन भाग असतात. अल्पकालीन ट्रिम म्हणजे आत्ता या क्षणी घातलेली चिमूट. दीर्घकालीन ट्रिम म्हणजे रोजच चिमूटभर जास्त लागते आहे हे ओळखून संगणकाने बदललेली सवय. ट्रिम शून्याजवळ असेल तर हिशेब जुळतो आहे. अधिक २० म्हणजे ठरलेल्यापेक्षा २० टक्के जास्त पेट्रोल घालून तो कसाबसा जुळवला जातो आहे. चालवणाऱ्याला काही जाणवत नाही, कारण संगणक तूट भरून काढत असतो. आमच्या गाडीचे नेमके हेच चालले होते.

दिवा केव्हा लागतो

ही सगळी साखळी नवी असताना नीट चालते. पण रस्त्यावर पाच-सात वर्षे धावल्यावर एखादा सेन्सर मेला, एखादी नळी तडकली, तर मालकाला ते कळणार कसे? गाडी तर पळतच असते. म्हणून कॅलिफोर्नियाने नियम केला की गाडीने स्वतःची तपासणी स्वतः करावी आणि बिघाड आढळला तर दिवा लावून सांगावे. १९८८ च्या मॉडेलपासून ही पद्धत प्राथमिक रूपात आली. तोपर्यंत आणि त्यानंतरही काही वर्षे प्रत्येक कंपनीची भाषा निराळी होती. काही गाड्यांत तारेच्या तुकड्याने दोन टोके जोडायची आणि दिवा किती वेळा मिचकावतो ते मोजायचे, असा प्रकार होता. १९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींना ‘ओबीडी-२’ ही एकच पद्धत सक्तीची झाली. सोळा टोकांचा एकच सॉकेट, ड्रायव्हरच्या गुडघ्याच्या आसपास, आणि मुख्य कोड सर्वांसाठी सारखे. युरोपने २००१ मध्ये पेट्रोल गाड्यांसाठी असाच नियम आणला.

यातली एक तरतूद वाचताना मी थांबलो. बहुतेक तपासण्यांसाठी दिवा लागण्याची सीमा इंजिनाच्या ताकदीवर किंवा मायलेजवर ठरवलेली नाही. बिघाडामुळे धूर ठरलेल्या मर्यादेच्या साधारण दीडपट होईल असे दिसले की दिवा लागावा, अशी ती सीमा आहे. आपण समजतो की हा दिवा गाडीची काळजी घेतो. खरे पाहता रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या, स्टॉपवर उभ्या असलेल्या, खिडकीत बसलेल्या माणसासाठी तो बसवला आहे. गाडीमालकाला त्याचा उपयोग होतो तो ओघाने.

दिवा घाईही करत नाही. बहुतेक बिघाडांत संगणक पहिल्या फेरीत संशयाची नुसती नोंद करतो. फेरी म्हणजे इंजिन सुरू करून, तापवून, ठरावीक स्थितींतून गाडी चालून बंद होईपर्यंतचा प्रवास. दुसऱ्या फेरीतही तोच बिघाड दिसला की दिवा लागतो. दोष पुन्हा न दिसता सलग तीन फेऱ्या झाल्या की दिवा आपणहून विझतो. नोंद मात्र पुसली जात नाही. सुमारे चाळीस वेळा इंजिन तापून निवल्यानंतर ती जाते. अपवाद एकच. इंजिन जोरात मिसिंग मारत असेल आणि न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळण्याचा धोका असेल, तर दिवा ताबडतोब लुकलुकू लागतो.

आता माझ्या पहिल्या तीनशे रुपयांचा उलगडा झाला. कोड पुसला की त्याबरोबर संशयाची नोंद जाते, पूर्ण झालेल्या स्वतपासण्या कोऱ्या होतात आणि बऱ्याच गाड्यांत शिकलेली ट्रिमही शून्यावर येते. संगणक पुन्हा पहिल्यापासून मोजू लागतो. चौथ्या किंवा नवव्या दिवशी दिवा लागला, म्हणजे तोवर गाडी बरी होती असे मुळीच नाही. तिची खात्री पटायला तेवढे दिवस लागले, इतकेच. सेन्सर बदलल्यावर आठ दिवस दिवा नव्हता, त्यावरून ‘सेन्सरने थोडा फरक पडला’ असे मी घरात सांगत होतो. काडीचा फरक पडला नव्हता.

आणखी एक गोष्ट पुसली जाते, ती सर्वांत मोलाची. दिवा लागण्यास कारण झालेल्या क्षणी इंजिन किती तापले होते, वेग किती होता, फेरे किती होते, ट्रिम किती होती, यांचा एक गोठवलेला तक्ता संगणक जपून ठेवतो. त्याला ‘फ्रीझ फ्रेम’ म्हणतात. हिशेबनिसाच्या भाषेत सांगायचे तर रोजकीर्दीतले ज्या दिवशी तूट आली ते पान. तपासणी सुरू होण्याआधीच ते पान फाडायचे आणि मग तूट शोधायची, असा प्रकार माझ्या गाडीत दोनदा झाला होता.

कोड काय सांगतो, काय सांगत नाही

कोड पाच अक्षरांचा असतो. पहिले अक्षर विभाग सांगते. पी म्हणजे इंजिन आणि गिअर, सी म्हणजे चॅसी, बी म्हणजे बॉडी, यू म्हणजे संगणकांमधले आपसातले दळणवळण. दुसऱ्या जागी शून्य असेल तर कोड सर्व कंपन्यांना सामाईक, एक असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा. नंतरचे आकडे उपविभाग आणि नेमका दोष दाखवतात. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर मिसिंग मारतो आहे. पी०४२० म्हणजे कन्व्हर्टरची कार्यक्षमता ठरलेल्या पातळीखाली गेली आहे. पी०१७१ म्हणजे मिश्रण विरळ आहे आणि दुरुस्तीची मर्यादा संपली आहे.

सारा गोंधळ येथे होतो. कोड लक्षण सांगतो, गुन्हेगार सांगत नाही. ‘ताप आहे’ एवढे थर्मामीटर सांगते. तो हिवतापाचा की विषमज्वराचा, हे सांगणे त्याचे काम नाही. आमच्या गाडीत तिन्ही वेळा पी०१७१ हाच कोड होता, हे मला नंतर कळले. ‘विरळ’ ही बातमी ऑक्सिजन सेन्सरने दिली होती, म्हणून दुसऱ्या गॅरेजने सेन्सरच बदलला. निरोप्याला शिक्षा झाली. कन्व्हर्टरचा तर कोडमध्ये उल्लेखही नव्हता. आणि पी०४२० आला असता, तरी लगेच कन्व्हर्टर बदलणे योग्य नव्हते. सेन्सरच्या पुढे सायलेन्सरचा पाइप गळत असेल तर बाहेरची हवा आत शिरते आणि चांगला कन्व्हर्टरही नापास दिसतो. कन्व्हर्टर खरोखर मेला असेल तर तो कशाने मेला, हे शोधल्याशिवाय बसवलेला नवाही त्याच वाटेने जातो.

आमच्या गाडीचा तपास

मिरजेत एक जुने मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. मिरज हे तंतुवाद्ये घडवणाऱ्यांचे गाव, तिथे कानाला किंमत आहे. चाचांचा कानही त्याच जातीचा. मी सगळी कथा सांगितल्यावर ते म्हणाले, “सर, आता कोड उडवू नका. दिवा लागू दे. लागला की तसाच माझ्याकडे आणा.”

मी हजार रुपयांच्या आसपास मिळणारा, मोबाइलला जोडणारा एक लहान स्कॅनर विकत घेतला आणि वाट पाहिली. सहाव्या दिवशी दिवा लागला. या वेळी पान शाबूत होते. इंजिनाचे तापमान ८८ अंश, म्हणजे पूर्ण तापलेले. वेग शून्य. फेरे मिनिटाला ७८०. दीर्घकालीन ट्रिम अधिक २३. दोष पकडला गेला होता तो गाडी एका जागी उभी असताना, सिग्नलला किंवा फाटकाला.

चाचांनी इंजिन चालू ठेवून मला ॲक्सिलरेटर दाबायला सांगितला आणि मोबाइलवर आकडे पाहत राहिले. फेरे २५०० वर स्थिर ठेवल्यावर ट्रिम उतरत उतरत अधिक ९ वर आली. सोडल्यावर हळूहळू पुन्हा २३ कडे. त्यांनी मान हलवली. “हवा खातीय कुठंतरी.”

त्यांच्या तर्काची फोड अशी. मिश्रण विरळ होते ते दोनच प्रकारे. पेट्रोल कमी पडते किंवा न मोजलेली हवा आत येते. पंप थकला असेल, फिल्टर तुंबला असेल, तर वाढत्या वेगाला आणि चढाला पेट्रोल जास्त लागते, तेव्हा तूट वाढत जाते. हवा मोजणारा सेन्सर मळला असला तरी साधारण तसेच दिसते. पण कुठल्या फटीतून हवा शिरत असेल तर उलटे घडते. इंजिन जाग्यावर चालताना आतली ओढ सर्वांत जास्त आणि एकूण हवा सर्वांत कमी, म्हणून चोरट्या हवेचा वाटा मोठा होतो. फेरे वाढले की एकूण हवेच्या मानाने तो वाटा किरकोळ ठरतो. आमची ट्रिम उभ्या गाडीला जास्त आणि २५०० फेऱ्यांना कमी होती. म्हणजे फट.

येथे एक सावधगिरी नोंदवतो. हे गणित आमच्या गाडीसारख्या, आत येणाऱ्या हवेचा प्रवाह मोजणाऱ्या गाड्यांना लागू पडते. आपल्याकडच्या अनेक लहान गाड्या प्रवाहाऐवजी मॅनिफोल्डमधला दाब मोजून हवेचा हिशेब करतात. तिथे फटीतून आलेली हवाही मोजली जाते आणि अशा फटीने बहुधा गाडी उभी असताना फेरे वाढलेले दिसतात. म्हणून दुसऱ्याच्या गाडीचा उपाय आपल्या गाडीवर डोळे मिटून करू नये.

मग चाचांनी रबरी नळीचा एक हातभर तुकडा घेतला, एक टोक कानाला लावले आणि दुसरे इंजिनावरून फिरवू लागले. काही ठिकाणी थांबले. नंतर पकडीला कापड गुंडाळून एकेक व्हॅक्युमची नळी हलकेच दाबायची आणि मला आकडा विचारायचा, असे सुरू झाले. तिसरी नळी दाबली आणि अल्पकालीन ट्रिम झरझर खाली गेली. इंजिनाच्या झाकणातून वाफा परत मॅनिफोल्डमध्ये नेणारी ती बोटाएवढी नळी. वरून धडधाकट. काढून कोपऱ्यावर वाकवली तेव्हा खालच्या अंगाला नखाएवढी चीर उघडली. थंड असताना ती मिटून राही, रबर तापून मऊ झाले की ओठांसारखी उघडत असे.

नळीची किंमत साडेतीनशे रुपये. मजुरी चाचांनी दोनशे सांगितली, मी पाचशे दिले.

कोड आम्ही पुसला नाही, तशी माझीच इच्छा होती. दुरुस्ती खरी असेल तर दिवा स्वतः विझेल. तिसऱ्या दिवशी, आईला डॉक्टरांकडून परत आणताना, गाडी सुरू केली तेव्हा तो विझलेला होता. ट्रिम उभ्या गाडीला अधिक ७ आणि २५०० फेऱ्यांना अधिक ६. दोन्हीकडे जवळजवळ सारखी.

शून्य का नाही, हा प्रश्न मला पुढे काही आठवडे छळत राहिला. उत्तर पेट्रोलमध्ये होते. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला पूर्ण जळायला वजनाच्या सुमारे ९ पटच हवा लागते. शुद्ध पेट्रोल डोळ्यांपुढे ठेवून बेतलेल्या जुन्या गाडीला असे इंधन दिले की तेवढ्याच हवेसाठी सात-आठ टक्के जास्त इंधन सोडावे लागते. हा बिघाड नाही. पण बहुतेक गाड्यांत २५ टक्क्यांच्या आसपास मर्यादा संपते, तेव्हा तिच्यातला काही वाटा इंधनानेच खाल्लेला असतो. पूर्वी जी बारीक चीर वर्षभर खपून गेली असती, ती आता दिवा लावते. जुन्या गाड्यांचे मालक ‘नवीन पेट्रोलने दिवा लागला’ म्हणतात, त्यात थोडे तथ्य असते. शेवटचा धक्का इंधनाचा, मूळ चीर मात्र आपली.

आपल्या रस्त्यांवर

भारतात कन्व्हर्टर आले ते १ एप्रिल १९९५ पासून, मुंबईसह चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना. शिसे कन्व्हर्टरचा लेप निकामी करते, म्हणून त्यासोबत शिसेविरहित पेट्रोल आले आणि २००० साली ते देशभर झाले. भारत स्टेज-४ च्या नियमांबरोबर २०१० पासून मोटारींत स्वतपासणीची पहिली पायरी आणि २०१३ पासून दुसरी पायरी आली. १ एप्रिल २०२० रोजी पाचवी पायरी ओलांडून देशाने थेट भारत स्टेज-६ स्वीकारले. तेव्हापासून नव्या दुचाकींवरही हा पिवळा दिवा दिसतो. म्हणजे जो प्रश्न पूर्वी मोटारवाल्यांचा होता तो आता प्रत्येक घराचा झाला आहे.

पण दिव्याचे ऐकणारी यंत्रणा आपल्याकडे कच्ची आहे. कॅलिफोर्नियात नव्या गाड्यांच्या तपासणीत थेट ओबीडीचा सॉकेट जोडतात. दिवा लागला असेल तर गाडी नापास. आणि नुकताच कोड पुसून आणला असेल, तर अपुऱ्या स्वतपासण्यांवरून तेही उघडे पडते. आपली पीयूसी चाचणी एका जागी उभ्या गाडीच्या धुराड्यात नळी घालून धूर मोजते. तीही हवीच. पण दिवा लावून आलेल्या गाडीला ‘हा दिवा कशाचा?’ असे विचारलेले मी कधी ऐकले नाही. पोकळ डब्याच्या दोन हजारांच्या जुगाडाला त्यामुळेच गिऱ्हाईक मिळते.

दिवा विझलेला असणे म्हणजे सर्व आलबेल, असेही समजू नये. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने फोक्सवॅगनचा गैरप्रकार जाहीर केला तेव्हा जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत प्रयोगशाळेतील चाचणी ओळखून तेवढ्यापुरता धूर आवरणारी आज्ञावली असल्याचे पुढे आले. रस्त्यावर त्या गाड्या मर्यादेच्या कित्येक पट नायट्रोजन ऑक्साइड सोडत होत्या आणि डॅशबोर्डवर दिवा नव्हता. साक्षीदारच फितूर केला होता. कंपनीने कोट्यवधी खर्चून जे केले, ते मला दोन हजारांत करून मिळणार होते. फरक रकमेचा होता, जातीचा नव्हता.

वाचकाने काय करावे

दिवा पिवळा आणि स्थिर असेल तर घाबरू नये, पण दोन-चार दिवसांत गाडी दाखवावी. लुकलुकत असेल तर वेग कमी करावा, इंजिनावर जोर देऊ नये, शक्य तितक्या लवकर थांबावे. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा ही वेगळीच गोष्ट आहे, तो लागला की गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करावे. पिवळा दिवा लागल्यावर आधी पेट्रोलच्या टाकीचे झाकण घट्ट आहे का ते पाहावे. काही गाड्यांत सैल झाकणातून वाफ निसटते आणि तेवढ्यानेही दिवा लागतो.

गॅरेजमध्ये गेल्यावर तीन गोष्टी नम्रपणे मागाव्यात. कोडचा आकडा कागदावर लिहून द्या. पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढू द्या. आणि कुठलाही भाग बदलण्यापूर्वी तोच बिघडला आहे हे कोणत्या तपासणीवरून ठरवले, ते सांगा. चांगला मिस्त्री या प्रश्नांनी चिडत नाही. चाचा तर खूश झाले होते. जुनी गाडी विकत घेताना स्कॅनर लावून स्वतपासण्या पूर्ण आहेत का ते पाहावे. बऱ्याच अपूर्ण दिसल्या तर कोड आदल्या दिवशी पुसला असण्याची शक्यता मोठी. मग गाडी आठवडाभर चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

बदललेला सेन्सर फुकट गेला. त्या साडेचार हजारांबद्दल मला गॅरेजवाल्याचा राग नाही. त्याला यंत्राने एक शब्द दाखवला आणि त्याने त्या शब्दाच्या जवळचा भाग बदलला. आपणही रोज तसेच करतो. खोकला आला की खोकल्याचे औषध, तूट दिसली की कारकुनाची बदली. शोधायला वेळ लागतो आणि त्या वेळेचे पैसे द्यायला आपण तयार नसतो. चाचांनी पाऊण तास घालवला आणि दोनशे मागितले. तीनशे रुपयांत कोड उडवणाऱ्याला मात्र दोन मिनिटे लागली होती.

तडकलेली नळी मी टेबलावर ठेवली आहे. परवा आईने ती हातात घेतली, वाकवून चीर पाहिली आणि विचारले, “एवढ्याशा फटीनं एवढं होतं?” मी हो म्हणालो. ती म्हणाली, “छातीचंही तसंच असतं रे.” आणि नळी पुन्हा जागेवर ठेवून दिली.